पट्ट्याचा जोड

दुपारी अडीचच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या काकू घरघंटी लावतात. रोज नाही, आठवड्यातून दोनदा. मग आमच्या छताला मुंग्या येतात. परवा मी हेडफोन लावून अमेरिकन गायिका डोना समरचं 'आय फील लव्ह' ऐकत आडवा झालो होतो. गाणं संपलं तरी चालूच राहिलं. मिनिटभरानं लक्षात आलं, आता वाजतायत ते काकूंचे गहू.

यंत्राच्या आवाजात सूर लावायची मला जुनी खोड आहे. मिक्सर, पंखा, पहिल्या गिअरमध्ये घाट चढणारी एस.टी., काहीही चालतं. ''घरात एक मोटर कमी होती का?'' असं बायको अधूनमधून विचारते.

खोड लागली ती गावच्या गिरणीत. डब्यांची रांग असायची आणि रांगेचंही शास्त्र असायचं: ज्वारीवर ज्वारीच पडली पाहिजे, नाहीतर बायका गिरणी डोक्यावर घेत. गिरणीवाले तात्या, भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे, चिमटीत पीठ घेऊन अंगठ्यानं चोळून बघायचे आणि चाक किंचित आवळायचे. मोटरपासून चक्कीपर्यंत लांबलचक पट्टा धावायचा. तो एकदा तुटला होता, त्याला लोखंडी क्लिपांचा जोड होता. जोड चाकावरून गेला की 'फट्'. घर्रर्र फट्, घर्रर्र फट्. मी तोंड जरासं उघडून 'ऊं' लावायचो. सूर नेमका जुळला की आपला आवाज ऐकूच यायचा नाही, नुसते ओठ झिणझिणायचे. पीठ गरम गरम डब्यात पडेपर्यंत हा उद्योग.

'आय फील लव्ह' 1977 चं. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत ज्यॉर्जिओ मोरोडेर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी ते केलं. अल्बमची कल्पना अशी की एकेक गाणं एकेका जुन्या काळाच्या धाटणीचं आणि शेवटचं मात्र उद्याचं. उद्याचं म्हणजे वाद्यवृंद नको, सगळं यंत्रावर. ते यंत्र म्हणजे विजेवर सूर काढणारा कपाटाएवढा सिंथेसायझर, मूग. (खरा उच्चार मोग. पण गिरणीचा विषय निघालाय तर मूगच राहू दे.) हा मूग मोठा लहरी. जरा वाजवला की सुरातून सरकायचा, म्हणून काही सेकंदांचा तुकडा ध्वनिमुद्रित करायचा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा तुकडा. डाव्या कानात एक ठोका आणि उजव्या कानात त्याचीच मागून आलेली सावली, त्यामुळे चाल दुप्पट पळते.

सगळं जमलं, पण बास ड्रमचा दणका काही मुगातून मनासारखा निघेना. मग कीथ फोर्सी नावाचा ड्रमवाला बसवला आणि त्यानं पायानं तो ठोका दिला, यंत्राच्या मागोमाग, एकही न चुकवता. हे वाचलं तेव्हा मी एकदम उठून बसलो होतो. म्हणजे फट् माणसाचा!

रेकॉर्ड कंपनीनं हे गाणं आधी दुसऱ्याच गाण्याच्या पाठीवर, बी-साइडला टाकलं होतं. लोकांनी पाठच वाजवली. इंग्लंडात ते चार आठवडे पहिल्या नंबरावर होतं. ब्रायन ईनो हा संगीतकार बर्लिनमध्ये गायक डेव्हिड बोवीकडे ही रेकॉर्ड घेऊन पळत आला आणि म्हणाला, भविष्याचा आवाज सापडला. बोवीनंच पुढं ही गोष्ट सांगितली.

आमच्या घरी भविष्य काही वर्षं उशिरा पोचलं, दादाच्या होस्टेलवरून, भरून आणलेल्या कॅसेटमधून. आजी तांदूळ निवडत होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, ''ही बाई गिरणीत कशाला गेली रे गायला?''

आजीचा जन्म जात्यावर गेलेला. तिला ओव्या किती येत होत्या याचा हिशेब नव्हता, पण गिरणी आली आणि तिचं गाणं थांबलं. दळण डोक्यावरून नेण्यात सूर कसला लागणार? मी एकदा तिला म्हटलं, गिरणीत गा की. म्हणाली, ''जातं आपल्यासाठी थांबतं. शब्द आठवेना, हात सैल सोडायचा. गिरणी कुठं थांबती?''

डोना समरला मात्र घाई नाही. खाली यंत्र पिसाटासारखं पळतंय आणि ही वर मोजके शब्द घेऊन तरंगतेय, झोपाळ्यावर बसल्यासारखी. ते तिला कसं जमलं हे आजीला विचारायला हवं होतं. त्या दिवशी आजीनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, सूप मांडीवर तसंच. संपल्यावर म्हणाली, ''पायलीभर तरी झालं असेल.''

तर परवा. हेडफोन काढून ठेवला, घरघंटीचा सूर पकडला, डोळे मिटले. ओठ झिणझिणायला लागले होते आणि काकूंनी बटण बंद केलं. त्या शांततेत माझा 'ऊं' एकटाच जिन्यापर्यंत गेला असणार.

संध्याकाळी काकू जिन्यात भेटल्या. ''दुपारी आवाजाचा त्रास झाला का हो?'' म्हणाल्या.

कुणाला, ते मी विचारलं नाही.