पीक नसलेल्या वर्षाचा कापणीचा सण

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळी नाताळाइतकीच वाट बघायची ती कापणीच्या सणाची. बाजरी खळ्यावरून घरात आली की पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, रविवारच्या उपासनेत तारीख जाहीर करायचे आणि आम्हा पोरांचा जीव अभ्यासातून उडायचा. सणाच्या सकाळी वेदीपुढे बाजरीच्या पाट्या, भुईमुगाचे डहाळे, लाल भोपळे, अंडी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या यांची रास लागायची. उपासना संपली की लिलाव. एकाने चढी बोली लावून घेतलेलं अंडं तो तिथंच पुन्हा अर्पण करायचा, मग दुसरा त्याच्यावर बोली लावायचा. एका अंड्याची किंमत कोंबडीच्या वर गेलेली मी पाहिली आहे!

रात्री कीर्तन. नगरकडे ही परंपरा जुनी. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आली आणि आमच्या मंडळ्यांच्या तोंडी बसली. ज्या आज्यांना अक्षरओळख नव्हती त्याही पेटी वाजायच्या आत पद उचलायच्या.

1972 साली बाजरी वीतभर वाढून करपली. विहिरींचा तळ दिसला. गावातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला जाऊ लागली. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा आणि आम्हा मुलांना सुकडी हे पौष्टिक कोरडं खाणं. यंदा सण करायचा कशाचा, असा प्रश्न पंचांच्या बैठकीत निघाला. बरीच चर्चा झाली म्हणे. शेवटी मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पीक न्हाई, पण देव हाये ना?"

सण झाला. वेदीपुढे कुणी पसाभर मिलो ठेवला, कुणी मजुरीतली काही नाणी. एकाने खडी फोडायची हातोडी आणून ठेवली. सोमवारी कामावर लागणार म्हणून उपासनेनंतर परत नेली. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला: अंजीर फुललं नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे वचन आम्ही आधीही ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे स्वतःचा रिकामा गोठा होता. माणसं रडत होती आणि गातही होती.

आता या वयात मला वाटतं, ते बळ एका सणाने आलं नव्हतं. भरल्या खळ्याच्या वर्षांत, काही मागायचं नसतानाही, हीच माणसं रविवारमागून रविवार शेजारी शेजारी बसली होती. कोण आलं नाही हे लगेच कळायचं आणि संध्याकाळी त्याच्या दारात कुणीतरी "सलाम" म्हणून उभं राहायचं. आईच्या टोळीतल्या बायका खडी फोडताना चर्चमधलीच पदं म्हणायच्या. एकीचा दम संपला की दुसरी ओळ धरायची.

2020 च्या टाळेबंदीत चर्चला कुलूप लागलं. 12 एप्रिलचा ईस्टर आम्ही घरातच केला. त्याच वर्षी पुढे आईला ताप आला आणि तिला वेगळ्या खोलीत ठेवावं लागलं. चष्मा लावून वाचण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती, पण बायबलमधलं तेविसावं स्तोत्र तिला पाठ होतं. ती आतून एक ओळ म्हणायची, आम्ही दाराबाहेरून पुढची. त्या खोलीत तिला एकटं वाटलं नाही, असं बरी झाल्यावर तिनेच सांगितलं.

आता गावातली मुलं पुण्याला, पिंपरीला नोकरीला आहेत. सणाला गाड्या करून येतात, लिलावात हात सैल सोडतात, फार आनंद वाटतो. त्यांना माझं एकच सांगणं असतं: तिकडे घराजवळ जे चर्च असेल तिथे दर रविवारी जा, लेकरांना पुढच्या बाकावर बसवा आणि स्तोत्रं पाठ होऊ द्या. गेल्या सणाला एका नातवाने स्तोत्र 121 न अडखळता म्हटलं. यंदा त्याला 46 वं म्हणायचं आहे, आणि तयारी आत्तापासून चालू आहे.