दोरीवर किती लंगोट?

आमचं डेल्फ्टमधलं घर रुंदीला जेमतेम पाच मीटर आणि उंचीला तीन मजले. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, मध्ये झोपायच्या खोल्या, आणि पार वर माळ्यावर वॉशिंग मशीन. हॉलंडात धुण्याचं यंत्र माळ्यावर का चढवतात, हे इतक्या वर्षांत मला कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. जिना म्हणाल तर शिडीच. उतरताना आडवं पाऊल टाकावं लागतं. दोघंच होतो तोवर या उभ्या घराचं कौतुक होतं, आल्यागेल्याला हौसेनं दाखवायचो. नोव्हेंबरात मुलगी झाली आणि पहिल्या रात्री मी तो जिना एकवीस वेळा चढलो-उतरलो. डायपर खाली, मुलगी मध्ये, ओले कपडे वर.

इथे बाळंतपण सरळ झालं तर काही तासांत घरी पाठवतात. सकाळी मुलगी झाली, संध्याकाळी आम्ही घरी. आमच्या कराडच्या मंडळींना ते खरंच वाटेना. "दवाखान्यातनं हाकललं का काय?" असं मामींनी विचारलं. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. व्हिसाच्या गोंधळामुळे त्या दहाव्या दिवशी पोचणार होत्या. तोवर घर कुणी सांभाळलं? तर क्रामझोर्खनं.

हा शब्द आपल्याकडे नाही, कारण ते काम आपल्याकडे आई, मावशी, सुईण आणि शेजारीण वाटून घेतात. बाळंतिणीची आणि बाळाची काळजी घ्यायला शिकलेली बाई रोज घरी येते, साधारण आठ दिवस. हे इथल्या सक्तीच्या मूळ आरोग्य विम्यातच येतं. सर्वसाधारणपणे ४९ तास मिळतात, गरजेप्रमाणे कमीत कमी २४ आणि जास्तीत जास्त ८०. ताशी पाचेक युरो आपल्या खिशातून जातात. नोंदणी मात्र दिवस राहिल्याचं कळल्यावर लगेच करायची. आम्ही चौथ्या महिन्यात केली, तर "उशीर केलात" म्हणून ऐकून घ्यावं लागलं.

त्यांची एक अट वाचून मी हसलो होतो: बाळंतिणीचा पलंग जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटर उंच हवा. येणाऱ्या बाईला आठ तास वाकून काम करायला लागू नये म्हणून. म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीसाठी बाज आणतात, इथे तिची सेवा करणारीच्या कंबरेसाठी पलंगाच्या चार पायांखाली ठोकळे आणतात. ते भाड्यानं मिळतात. मी हसलो खरा, पण त्या उंचीचा सगळ्यात जास्त फायदा माझ्याच पाठीला झाला.

आमच्याकडे आलेल्या बाई पंचावन्नच्या पुढच्या, सायकलवर, पावसात भिजत आलेल्या. आम्ही आपसात त्यांना डच मावशी म्हणायला लागलो. आल्या, हात धुतले, बाळाला पाहिलं, बायकोला तपासलं, आणि मग मला म्हणाल्या, "चला, घर दाखवा." मला वाटलं कौतुक करणार. त्यांनी जिन्याशी उभं राहून विचारलं, की रात्री बाळ रडलं तर तुम्ही कुठून कुठे जाता? मी दाखवलं. त्या गप्प बसल्या. मग अर्ध्या तासात सामानाची वाटणी झाली. बदलायची गादी, डायपर, पुसायची फडकी, कपड्यांचे दोन जोड, असा एक संच खाली आणि तसाच एक मधल्या मजल्यावर. इथे या फडक्यांना हायड्रोफील असं भारदस्त नाव आहे. हातात घेतलं तर आपलं मलमलीचं फडकं. जिन्याच्या तळाशी एक टोपली. वर जायचं ते त्यात पडतं, आणि वर जाणाऱ्यानं ती घेऊन जायची. फक्त हातात बाळ असेल तर टोपलीला शिवायचं नाही. एक हात बाळाला, दुसरा कठड्याला.

घर आवरणं म्हणजे घर नीट दिसणं, असं माझं तोवरचं मत होतं. मावशींनी बैठकीतल्या पसाऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संडास-न्हाणीघर मात्र रोज स्वतः धुतलं, कारण बाळंतिणीला जंतुसंसर्ग नको. दुपारी एक ते तीन घरात कुणी येणार नाही, दारावर तशी चिठ्ठी. धुणं साठ अंशांवर. बाकी सगळं, त्यांच्या शब्दांत, "पुढच्या वर्षी".

आणि एक फाइल. त्यात दर वेळी लिहायचं: दूध किती वाजता, कुठल्या बाजूला, ओले डायपर किती, शी कोणत्या रंगाची, बाळाचा ताप किती. साडेछत्तीस ते साडेसदतीसच्या मध्ये हवा. पहिल्या संध्याकाळी तो ३६.३ आला, तर मावशींनी कपाटातून पत्र्याची बाटली काढली. क्राउक म्हणतात तिला. गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, उलटी धरून गळते का ते पाहिलं, मोजा चढवला आणि पांघरुणावर, बाळापासून वीतभर लांब, बूच पायाकडे करून ठेवली. तासाभरात ३६.८. मामी नंतर ती बाटली पाहून म्हणाल्या, "ही शेगडीची धाकली भैन हाय."

इथे जन्माची नोंद तीन दिवसांत करावी लागते, आणि ती नावासकट. आमच्याकडे बाराव्या दिवसाच्या आत नाव उच्चारायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी पालिकेत जाऊन नाव लिहून आलो आणि घरी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे सरकारला माहीत, फाइलवर लिहायला लागलं म्हणून डच मावशींना माहीत, आणि कराडला बसलेल्या बाळाच्या आत्याला नाही. बाराव्या दिवशी माझ्या बहिणीनं फोनच्या पडद्यावरून कुर्रर्र करून कानात नाव सांगितलं, तेव्हा ते नऊ दिवस जुनं झालं होतं. तिला अजून माहीत नाही. आता हे वाचून कळेल.

शेजारी बाळ बघायला आले तेव्हा मावशींनीच कुरकुरीत गोल टोस्टला लोणी लावून त्यावर साखरेत घोळलेले दाणे पसरले. मुलगी झाली की गुलाबी-पांढरे, मुलगा झाला की निळे-पांढरे. त्यांना उंदरं म्हणतात, दाण्याच्या काडीची शेपटी दिसते म्हणून. आत बडीशेपेच्या जातीचं बी. बाळंतिणीला दूध यायला चांगलं, अशी इथली जुनी समजूत. मी त्यांना डब्यातली बाळंतशेप दाखवली. त्यांनी वास घेतला आणि दोन दाणे तोंडात टाकले.

आठव्या दिवशी त्या गेल्या आणि आमचं घर दोन दिवसांत कोसळलं. फाइल बंद झाली होती, म्हणून मी दोनशेपानी वही केली. पण रात्री तीनला कोण लिहितं? आठव्या दिवसापासून इथे बाळाला रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व देतात. नवव्या दिवशी ते बायकोनं दिलं आणि तासाभरानं मीही दिलं. एका दिवसाच्या जास्तीनं काही बिघडत नाही असं सुईणीनं फोनवर सांगितलं, पण तोवर आमचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. आता बाटली सकाळी ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात असते, दिलं की डावीकडे. सकाळचा चहा टाकणारा तिला परत उजवीकडे आणतो. ही एक गोष्ट मी शोधली, बाकीच्या सगळ्या उसन्या.

मग मामी आल्या. डिंक, अळीव, सुंठ, दुपटी, आणि जुन्या लुगड्यांचे तीस लंगोट. तूप तेवढं आणू दिलं नाही, कारण युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत. त्यांना हे फार लागलं. मग इथलं बिनमिठाचं लोणी कढवलं. मामींनी रवा बघितला, बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, "गाई बऱ्या दिसत्यात." एवढंच.

मामींचं आणि घराचं पहिलं भांडण धुरीवरून झालं. तिसऱ्या सकाळी त्यांनी तव्यावर ओवा आणि बाळंतशेप टाकून धूर केला. इथे जुलै २०२२ पासून घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराची घंटा सक्तीची आहे. आमच्या तिन्ही एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे एक वाजली की तिन्ही. मुलगी रडली नाही. शेजारचे आजोबा मात्र चपला न घालता बाहेर आले. त्यानंतर ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून वापरायची असं ठरलं. मोहरीची उशी मी कपाटात ठेवली, कारण बाळ पाठीवर, उशीशिवाय झोपवायचं, यात मी माघार घेणार नव्हतो. टोपडंही झोपेत नाही. मामी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मालिशनंतर टोपडं चालेल म्हटल्यावर पुन्हा "पाव्हणं, च्या घ्या" सुरू झालं.

वहीचं मात्र त्यांना काही पटेना. "पाव्हणं, ह्यात काय लिव्हताय रातभर?" मी सांगितलं, ओले किती झाले ते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिवसाला सहाच्या आसपास ओले डायपर झाले म्हणजे दूध पुरतंय, असं मावशींनी शिकवलं होतं. मामींनी डायपरची पिशवी उघडून पाहिली. "ह्ये फुगून बसतंय. एकदा झाली का तीनदा, कळायचं कसं?" त्यांनी जिन्याच्या कठड्यापासून खिडकीच्या कडीपर्यंत, रेडिएटरच्या वर दोरी बांधली. दिवसा लंगोट, रात्री डायपर. ओला झाला की खळबळून पिळायचा आणि दोरीवर. दुपारी चहा पिता पिता त्या नुसती मान वर करायच्या: "पाच झालं. पोट भरतंय पोरीचं." वहीत बघावं तर माझ्या दोन नोंदी राहिलेल्या असायच्या. बैठकीत दोरी, दोरीवर लंगोट, आणि खिडकीतून सगळ्या गल्लीला ते दिसतंय. इथे लोक पडदे लावत नाहीत. पहिल्यांदा मला लाज वाटली, मग सवय झाली. समोरच्या बाईनं एकदा विचारलं, ते झेंडे कसले?

मला पगारी रजा एक आठवडाच होती. त्यापुढे पाच आठवडे ७० टक्के पगारावर घेता येतात, पण मूल सहा महिन्यांचं व्हायच्या आत. ते मी मामी असताना वापरले नाहीत. शेंजेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणून त्या गेल्यावर माझे पाच आठवडे सुरू झाले. इकडे मूल व्हायचं असेल त्यांनी हा हिशेब आधीच कागदावर मांडावा. सगळे एकदम घरात असण्यापेक्षा एकामागून एक आलेलं बरं पडतं. आणि येणाऱ्या आजीला लंगोट आणायला सांगा. इथे तसे मऊ मिळत नाहीत.

दोरी अजून आहे, तिच्यावर आता माझे मोजे वाळतात. पोरगी गेल्या आठवड्यात रांगायला लागली आणि थेट जिन्याकडे निघाली. खाली एक आणि वर एक अशी दोन फाटकं आणलीत. वरचं भिंतीत नुसतं दाबून बसवायचं नाही, स्क्रूनं आवळायचं, असं दुकानदारानं बजावलंय. ड्रिल शेजारच्या आजोबांकडे आहे. उद्या मागायला जातो.