जामातली अळी

मी शेती करतो. शाळेत शिकलेलं बरंच काही विसरलो, पण आठवीत विज्ञानाच्या सरांनी करून घेतलेला एक प्रयोग आजही माझ्या वावरात कामी येतो. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत सरांच्या शिस्तीबद्दल, त्यांच्या मायेबद्दल कुणी ना कुणी लिहीलच. मला त्या प्रयोगाबद्दलच लिहायचं आहे.

‘सजीव हा सजीवापासूनच जन्माला येतो’ असं वाक्य फळ्यावर लिहून सरांनी विचारलं, ‘पटते का?’ आम्ही एका सुरात हो म्हटलं. ‘कशावरून?’ वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, जामात तं अळ्या आपोआपच होतात. वरून जाम चांगला दिसते, फोडला का आत अळी!’ (आपल्याकडे पेरूला जामच म्हणतात.) सर खूष झाले. पुस्तकातल्या वाक्याला हरकत घेणारा पोरगा त्यांना फार आवडायचा.

त्यांनी आम्हाला फ्रान्सेस्को रेडीची गोष्ट सांगितली. सडक्या मांसात अळ्या आपोआप होतात, असं त्या काळी शिकलेली माणसंही मानत. 1668 साली इटलीतल्या या वैद्याने काही बरण्यांमध्ये मांस उघडं ठेवलं, काही घट्ट बंद केल्या आणि काहींच्या तोंडावर जाळीदार कापड बांधलं. अळ्या झाल्या त्या फक्त उघड्या मांसात. कापड कशासाठी, ते सरांनी आमच्याकडूनच काढून घेतलं. घट्ट बंद बरणीत हवा नव्हती म्हणून अळी झाली नाही, असं कुणीही म्हणू शकतं. कापडातून हवा जाते, माशी जात नाही. म्हणजे दोन बरण्यांत फरक ठेवायचा तो एकाच गोष्टीचा, बाकी सगळं सारखं.

ऑगस्टचे दिवस होते. घरोघरचे जाम आले, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आल्या, तळाशी ओली माती घातली. एक बरणी उघडी, एकीवर मलमलचा तुकडा. काही दिवसांनी पाहतो तर मलमलीखालच्या बरणीतही अळ्या! मागचा बाक जिंकल्यासारखा ओरडला. सरांनी सारवासारव केली नाही. ‘दिसलं तेच वहीत लिहा,’ म्हणाले. मग विचारलं, ‘अळी आपोआप झाली, का जाम बरणीत टाकायच्या आधीच काही आत गेलं होतं? दोन्ही होऊ शकते. आता ठरवाल कसं?’

उत्तर एका मुलीनं दिलं. ‘सर, फोडी उकडून टाकल्या तं?’

त्या दिवशी सरांनी भिंग काढलं आणि न कापलेला एक जाम आमच्यात फिरवला. सालीवर टाचणी टोचल्यासारखा काळपट ठिपका होता. त्या ठिकाणी काप घेतला तर खालचा गर मऊ, तपकिरी पडलेला, आणि त्यात पांढऱ्या अळ्या. फळमाशीच्या मादीला मागे टोकदार अवयव असतो. तो सालीत खुपसून ती आत अंडी घालते, तेही फळ झाडावर असतानाच.

उकडलेल्या फोडींवर मलमल बांधलेली बरणी स्वच्छ राहिली. उघड्या बरणीत चिलटं जमली, अळ्या झाल्या. त्या आधीच्यांपेक्षा बारीक होत्या, कारण माशीच वेगळी. आधीच्या, न उकडलेल्या जामाच्या बरणीतल्या अळ्या मातीत उतरून कोष झाल्या आणि पुढे त्यातून पिवळट माश्या निघाल्या. अंडी, अळी, कोष, माशी हे जीवनचक्र मला पाठ करावं लागलं नाही.

2017 साली गुलाबी बोंडअळीनं आपल्या भागातली पऱ्हाटी (कपाशी) खाल्ली, तेव्हा मला तो जाम आठवला. अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि ते बारीक छिद्र बुजून जातं. धुऱ्यावरून पाहिलं तर पऱ्हाटी झकास! अळी आत गेल्यावर वरून फवारा मारून पैसा आणि जीव दोन्ही जातात. म्हणून मी वावराच्या चारी बाजूंनी आणि मधूनही मिळून 20 हिरवी बोंडं तोडतो आणि फोडून पाहतो. दोनमध्ये जिवंत अळी निघाली म्हणजे 10 टक्के. कृषी शास्त्रज्ञ फवारणीसाठी हीच पातळी सांगतात. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या सापळ्यात, बोंडअळीचे नर पतंग येतात, तेही मोजतो. सापळ्यात रोज 8 पतंग असे सलग तीन दिवस आले, तर तोही इशाराच. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर तेच पीक पुढे राखून घेतलेलं उत्पन्न, घेत नाही, कारण पीक उभं राहिलं की अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं.

कुणी नवं टॉनिक घेऊन आलं की मी पऱ्हाटीच्या काही तासांवर (ओळींवर) ते मारतो, शेजारची तासं तशीच ठेवतो. खत, पाणी, डवरणी दोन्हीकडे एकच. मग दोन्हीकडची बोंडं मोजतो. शेजारीपाजारी आता आकडा विचारायला येतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

शाळेत आता चांगली प्रयोगशाळा झाली आहे, सूक्ष्मदर्शकांसाठी रांग लावावी लागत नाही. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात, पऱ्हाटीवर डोमकळ्या (आत अळी असल्यानं न उमललेली फुलं) दिसू लागल्या की आठवीचा वर्ग माझ्या वावरात पाठवावा. रस्त्यालगतची चार तासं मी न फवारता पोरांसाठी ठेवीन. भिंग आणि वही त्यांनी आणावी, बोंडं मी देईन.