गाडी यार्डात, नंबर मामांच्या नावावर

साताऱ्यात एका गाड्यांच्या शोरूममध्ये मी पासिंगचं, म्हणजे आरटीओत गाडीची नोंदणी करून घ्यायचं काम बघतो. गाडी विकणं माझ्याकडं नाही, गाडी विकली की फाईल माझ्या टेबलावर येते आणि एमएच 11 चा नंबर पडेपर्यंत ती माझी. लोकांना वाटतं आम्ही नुसते फॉर्म भरतो. पण गाडीच्या आयुष्यात तीन तारखा असतात, बिलाची, रोड टॅक्स भरल्याची आणि नोंदणीची, आणि गिऱ्हाईकाच्या डोक्यात मात्र चौथीच असते, गाडी घरी नेऊन मामीनं ओवाळायची. 2025 च्या सप्टेंबरात या चार तारखांनी एका माणसाचं जे नुकसान केलं ते अजून माझ्या डोक्यातनं जात नाही.

कोरेगाव तालुक्यातले मामा, आल्याची शेती. पोरगा पुण्याला नोकरीला. आयुष्यातली पहिली गाडी, पेट्रोलची छोटी, एक्स-शोरूम 8 लाख. गौरी 1 सप्टेंबरला जेवल्या, त्याच दिवशी गाडी घरी न्यायची असं ठरलं होतं, पण गाडी कंपनीकडनं यायलाच उशीर झाला. मग ठरलं अनंत चतुर्दशीच्या आत, म्हणजे 6 तारखेच्या आत, कारण नंतर पितृपक्ष लागतो आणि त्या पंधरवड्यात आमच्याकडं कोणी गाडीला हात लावत नाही.

आता मागचं सांगायला पाहिजे. 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरनं सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करणार. त्या दिवसापासनं आमचं शोरूम थंड पडलं. जो तो थांबलेला. सेल्सची पोरं बिचारी टार्गेटखाली दबलेली, येईल त्याला सांगायची की अहो गाड्यांना काही होणार नाही, झालं तरी दिवाळीनंतर. मला ते तेव्हाच पटत नव्हतं. माहीत नाही तर माहीत नाही म्हणावं, माणसाच्या आयुष्याच्या कमाईचा प्रश्न असतो. पण मी बोललो नाही.

1 तारखेला बिल झालं, इन्शुरन्स झाला. 2 तारखेला मामा सही करायला माझ्याकडं आले. कर्जाचे कागद, नोंदणीच्या अर्जाचा फॉर्म 20, आधारचा ओटीपी हे सगळं झालं आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "सायेब, टॅक्स कमी व्हनार म्हंत्यात, थांबू का?" मी म्हणालो, "मामा, ते सेल्सला विचारा, माझ्याकडं फक्त आरटीओचं काम." हे वाक्य मी रोज दहा वेळा बोलतो. त्या दिवशीही बोललो.

आणि मग मी माझं काम जोरात केलं. चेसिस नंबरचा छाप मी अजून स्वतः काढतो, पोरांवर सोडत नाही. बॉनेट उघडायचं किंवा सीटखाली हात घालायचा, कोरलेल्या नंबरावरची धूळ पुसायची, वर सेलोटेप दाबून बसवायची, पेन्सिलचं शिसं आडवं धरून हलक्या हातानं घासायचं, 17 अक्षरं एक एक करून उमटतात, मग ती पट्टी अलगद उचलून कागदावर चिकटवायची. बी आणि 8, एस आणि 5 एकसारखे दिसले की पुढं आरसीवर चूक आणि मग दुरुस्तीला गिऱ्हाईकाच्या चकरा. माझ्या छापावर कधी शेरा आला नाही, याचा मला अभिमान आहे. मामांचा छाप तर आरशासारखा आला होता.

2 तारखेला दुपारी रोड टॅक्स भरला. पेट्रोलच्या 10 लाखांपर्यंतच्या गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के, म्हणजे 88 हजार, बाकीची फी वेगळी. हा टॅक्स एकदाच भरायचा, पण तो जीएसटी धरून होणाऱ्या किमतीवर लागतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणजे वरचा जीएसटी बदलला की खालचा रोड टॅक्सही आपोआप बदलतो. आणि दर धरला जातो तो भरायच्या दिवशीचा, बुकिंगच्या दिवशीचा नाही. जुलैच्या 1 तारखेला सीएनजीचा टॅक्स एक टक्का वाढला तेव्हा जूनमध्ये बुकिंग केलेले लोक माझ्याशी भांडले होते, मी त्यांना हेच समजावत बसलो होतो. इतकं मला पाठ होतं, तरी मामांच्या प्रश्नाला मी हातभर लांब ठेवलं.

3 सप्टेंबर, बुधवार. दुपारी आरटीओची मंजुरी आली, नंबर पडला. मी मामांना फोन करून नंबर सांगितला, त्यांनी आकड्यांची बेरीज केली, खूश झाले. रात्री घरी टीव्हीवर जीएसटी कौन्सिलची बातमी आली. छोट्या पेट्रोल गाड्यांवर 28 टक्के आणि वर 1 टक्का सेस होता तो जाऊन सरळ 18 टक्के, लागू 22 सप्टेंबरपासनं. माझ्या हातातला घास हातातच राहिला. हिशोब मी तिथंच केला. 8 लाखांची गाडी 7 लाख 32 हजारांच्या आसपास येणार, आणि रोड टॅक्स 88 च्या जागी साडेऐंशी हजार. सगळं मिळून साडेपंचाहत्तर हजारांचा फरक.

4 तारखेला सकाळी नऊला मामा शोरूमच्या दारात उभे. बरोबर पोरगाही रात्रीच्या गाडीनं पुण्याहून आलेला. मामांनी आवाज चढवला नाही, उलट तेच जास्त लागलं. यार्डात गाडी उभी होती, सीटवर प्लॅस्टिक तसंच, नंबरप्लेट यायची होती. मामांनी तिच्याकडं बोट केलं, म्हणाले, "गाडी तुमच्याच दारात हाय, म्या अजून हातबी लावला न्हाय. मग ती माझी कशी झाली?"

माझ्याकडं कायद्यातलं उत्तर होतं. नोंदणी नसलेली गाडी, टेंपररी का असेना, डीलरनं गिऱ्हाईकाच्या ताब्यात द्यायचीच नाही हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 42 नंबरचा नियम. म्हणजे कागद आधी, गाडी नंतर. कागदावर नंबर पडला त्या क्षणी गाडी मामांची, ती आमच्या यार्डात असो की त्यांच्या अंगणात. आता ती आम्ही परत घेतली तरी जुनी म्हणूनच विकावी लागणार, कारण पहिले मालक आरसीवर मामा. नुसतं बिल झालं असतं तर ते रद्द करता आलं असतं. टॅक्स भरून नंबर पडायचा राहिला असता तर टॅक्सच्या परताव्याचा अर्ज करावा लागला असता, वेळ गेला असता, पण वाट होती. नंबरानंतर वाट नाही. मी हे सगळं सांगितलं, पोराला पटलं, मामांना कळलं पण पटलं नाही, आणि मला वाटतं बरोबर मामाच होते. ज्या वस्तूला माणसानं हात लावला नाही ती त्याची म्हणून त्याचे पैसे बुडतात हे कुठल्या शेतकऱ्याला पटेल?

त्याच आठवड्यात दुसरं एक गिऱ्हाईक होतं. त्यांच्या आधारला मोबाईल लिंक नव्हता, ओटीपी जात नव्हता, म्हणून फाईल माझ्याकडं चार दिवस अडकलेली. त्यांनी मला 2 तारखेला फोनवर काय काय ऐकवलं होतं. त्यांचं बिल रद्द झालं, गाडी 22 नंतरच्या दरानं मिळाली आणि ते माझ्यासाठी कंदी पेढे घेऊन आले. मी काहीच केलं नव्हतं. त्यांची फाईल अडकली म्हणून ते वाचले आणि मामांची मी एका दिवसात पुढं काढली म्हणून मामा बुडाले. तो पेढा मला गिळवेना.

मॅनेजरसाहेबांनी मामांना सीट कव्हर आणि मॅट फुकट दिले. डीलरचंही नुकसान झालं होतं हे खरं, स्टॉकवर भरलेल्या सेसचे पैसे अडकले होते. पण सेसचं दुःख मामांना सांगून काय उपयोग, आणि साडेपंचाहत्तर हजाराला मॅट? मी हे मीटिंगमध्ये बोललो, तर म्हणाले तू तुझं पासिंग बघ. दोन दिवसांपूर्वी मीच मामांना जे सांगितलं तेच.

मामांनी 6 च्या आत गाडी नेली नाही. मन उडालं होतं. मग पितृपक्ष, मग थेट घटस्थापनेला, म्हणजे 22 तारखेलाच, नवीन दर लागू झाले त्याच दिवशी. शोरूममध्ये हार, पेढे, गर्दी, आणि प्रत्येक जण किती वाचले ते मोठ्यानं सांगतोय. त्यात मामा गाडी घ्यायला आले. यार्डात 19 दिवस उभी राहून काचेवर धूळ बसली होती, मी सकाळी स्वतः उभं राहून धुवून घेतली. आरसीवर तारीख 3 सप्टेंबर 2025, मुदत 2 सप्टेंबर 2040. पंधरा वर्षं नोंदणीच्या तारखेपासनं मोजतात, गाडी घरी नेल्यापासनं नाही. वापरली नाही ते 19 दिवसही त्यांच्याच खात्यातनं गेले. ते मी त्यांना सांगितलं नाही.

आता मी टॅक्स भरायच्या आधी प्रत्येकाला बसवतो, कोऱ्या कागदावर तिन्ही तारखा लिहून देतो आणि कुठल्या तारखेनंतर मागं फिरता येत नाही त्याखाली लाल रेघ मारतो. सेल्सची पोरं वैतागतात, तू डील मोडणार म्हणतात. एकदोन लोक खरंच थांबले. थांबू देत.

मामीनं नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मामा स्टिअरिंगवर नव्हते, पोरगा होता. काच खाली करून मामांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "त्या दिवशी म्या इचारलं तवा तुमी थांबा म्हनला असता, तर थांबवता आलं असतं का?"

मी म्हणालो, "हो मामा. आलं असतं."

त्यांनी मान हलवली. पोरानं गाडी सुरू केली, लिंबू चेपलं, आणि ते पोवई नाक्याच्या दिशेनं गेले.