आईची बढती

पोळ्यांच्या मावशी रविवारी येत नाहीत, म्हणून त्या दिवशी कणीक माझ्याकडे. आधी पाणी जास्त होतं, मग पीठ, मग पुन्हा पाणी. चौघांची कणीक आठ जणांची होऊन बसते.

गंमत म्हणजे सोमवार ते शनिवार आमच्या ओट्यावर लाटलेल्या पोळ्या देशाच्या उत्पन्नात धरायच्या, रविवारच्या नाहीत. पीठ तेच, तवा तोच. मावशींना महिन्याला पगार मिळतो आणि मला ‘आज जरा जाड झाल्यात’ हा शेरा, एवढाच काय तो फरक.

हा तिढा पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाला १९२० सालीच दिसला होता. एखाद्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं की राष्ट्रीय उत्पन्न घटतं, असं त्याने लिहून ठेवलं, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला. स्वतः जन्मभर अविवाहित. वळणं सोपं गेलं असेल.

मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाई मात्र तिथेच ठाण मांडून बसल्या. जन्म कॅनडातला, अध्यापन अमेरिकेत. १९३४ साली त्यांनी घरातल्या उत्पादनावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि एक साधी कसोटी दिली: जे पैसे देऊन तिऱ्हाईताकडून करून घेता येईल, ते काम. माझ्या वतीने दुसरं कुणी जेवू शकत नाही, झोपू शकत नाही. पोळ्या लाटू शकतं, पोराचं नाक पुसू शकतं. माझ्या आजीला ही कसोटी एका वाक्यात पटली असती. फक्त एका जागी ही कसोटी अडखळते. रात्री साडेदहाला, पाठ टेकल्यावर, ‘छोले भिजत घातले का?’ हे ज्या डोक्यात येतं त्याचं काय करायचं? भिजत घालायला माणूस मिळतो. आठवायला मिळत नाही.

आपल्याकडे कोण काय काम करतं हे नोंदवणाऱ्या सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीत तर घरकामाला चक्क नंबर आहे. नुसतं घरकाम करणारीला कोड ९२. ते सांभाळून शिवाय घरच्यासाठी शिवणटिपण, सरपण गोळा करणं असलं काही करणारीला ९३. या हिशेबाने माझी आई लग्नापासून ९२. मग बाबांनी हप्त्यावर शिलाई मशीन आणलं. आमचे फ्रॉक, बाबांचे पायजमे, उशांचे अभ्रे, त्यातून उरलेल्या कापडाच्या पिशव्या. दुपारभर मशीनचं पायडल वाजायचं. म्हणजे आई ९३ झाली. बढतीच म्हणायची! पण ९२ काय नि ९३ काय, दोन्ही ‘श्रमबला’च्या, म्हणजे कमावणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांच्या मोजणीच्या, बाहेर. एकदा शेजारच्या काकूंचं ब्लाऊज तिने शिवून दिलं. पाच रुपये घेतले असते तर निदान तेवढ्यापुरती ती आत आली असती. पण तिने ते घेतलेच नाहीत. ‘शेजाऱ्यांकडून कसले पैसे घ्यायचे?’ झालं, पुन्हा ९३.

सत्तरच्या दशकात अर्थशास्त्रज्ञ देवकी जैन राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत गेल्या, त्या ‘बाई, तुम्ही काम करता का?’ एवढंच विचारून परत यायला नव्हे. दिवसाचा एकेक तास कशात जातो, ते त्यांनी मोजलं. कागदोपत्री काम न करणाऱ्या कितीतरी बायका गुरांमागे आणि सरपणामागे राबताना निघाल्या. असा वेळेचा हिशेब देशभर मांडायला मात्र २०१९ साल उजाडलं. त्या वर्षीच्या पाहणीत घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. ही ९७ सुद्धा जे पुरुष करतात त्यांचीच. करणारे तेव्हा शंभरात २६. आमच्या घरातला सव्विसावा कोण, यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी निकाल न लागताच भांडी मी घासली.

सोमवारी मावशींना हा २९९ चा आकडा सांगितला.

“म्हणजे किती तास, ताई?”

“पाच.”

मावशींनी परातीला चिकटलेली कणीक नखाने खरवडून शेवटच्या गोळ्याला लावली. “पाचच? कुणाच्या घरी?”

मग हात धुतले, पदराला पुसले, दाराशी ठेवलेली पिशवी उचलली. एक वाजायला आला होता आणि घरी जाऊन त्यांना अजून बारा भाकऱ्या थापायच्या होत्या.