सत्तर टक्के, पण कशाचे?

आयव्हीएफ, म्हणजे स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या सेंटरमध्ये काउन्सेलर बाईंनी लॅमिनेट केलेला कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ७०% यश. बाळाची चार वर्षं वाट बघून थकलेल्या माणसाला सत्तर हा आकडा शंभरच वाटतो. बाई गोड बोलत होत्या. "आजच नोंदणी केलीत तर पॅकेजमध्ये बसेल," हेही त्याच गोडव्यात. डॉक्टरांची भेट मात्र पाच-सात मिनिटांत उरकली होती. एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं हॉर्मोन) कमी आलंय, उशीर केलात तर डोनर एग, म्हणजे दुसऱ्या स्त्रीचं बीज, घ्यावं लागेल, इक्सीच (एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडणं) करू, एवढंच बोलणं.

त्या दिवशी सही केली नाही याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही. चष्मा घरी राहिला होता आणि न वाचता सही करायची मला सवय नाही. "फॉर्म घरी नेते," म्हटल्यावर बाईंचा चेहरा जरा उतरला.

घरी फॉर्म उघडला. सही करायच्या जागी पिवळ्या चिकटपट्टीचे बाण लावलेले होते. किती एम्ब्रियो, म्हणजे लॅबमध्ये तयार झालेले गर्भ, गर्भाशयात सोडणार, तो रकाना कोरा. उरलेल्या एम्ब्रियोंचं काय करायचं, तिथे मात्र आधीच बरोबरची खूण! आमच्या वतीने ठरवून कोणी टाकलं होतं कोण जाणे. नवरा म्हणाला, "अगं, फॉर्मॅलिटी असते." मग मी तो रकाना त्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो गप्प बसला.

पुढच्या भेटीत मी एकच प्रश्न नेला होता. माझ्या वयोगटात बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू केलेल्या शंभर जणींपैकी किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या? बाई म्हणाल्या, सर सांगतील. सर म्हणाले, प्रत्येक केस वेगळी असते. खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते सत्तर टक्के म्हणजे ट्रान्सफरनंतर, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडल्यावर, प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या. ज्यांना स्त्रीबीजं मिळालीच नाहीत, ज्यांचा एम्ब्रियो तयार झाला नाही, त्या मोजणीत नव्हत्याच. पॉझिटिव्ह येऊन पुढे ज्यांचा गर्भपात झाला, त्या यशात धरलेल्या. आकडा खोटा नव्हता, पण मी समजत होते त्या गोष्टीचा तो आकडाच नव्हता.

मग आमची फाइल मागितली. "फाइल हॉस्पिटलची असते," असं उत्तर आलं. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा झेरॉक्स हातात पडली. त्यात नवऱ्याचा दुसऱ्यांदा केलेला सीमेन रिपोर्ट होता आणि तो नॉर्मल होता. आम्हाला तो कोणी दाखवलाच नव्हता. मग इक्सी कशासाठी? पुरुषात दोष नसेल तर साध्या आयव्हीएफपेक्षा इक्सीने बाळ होण्याची शक्यता वाढते असं दिसलेलं नाही, हे मला दुसऱ्या डॉक्टरांकडे कळलं. एएमएचचंही तसंच. इंजेक्शनांना साधारण किती बीजं मिळतील याचा अंदाज त्यावरून येतो, बीजांचा दर्जा नाही. मी मात्र त्या एका आकड्यावरून आठवडाभर रडत होते.

पॅकेजमध्ये 'एंडोमेट्रियल स्क्रॅच'ही होता, म्हणजे ट्रान्सफरच्या आधी गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम ओरखडा काढायचा. त्यावरची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, १३६४ बायकांवर. ओरखडा काढलेल्यांत २६.१ टक्के जणींना बाळ झालं, न काढलेल्यांतही २६.१ टक्केच. ब्रिटनची नियामक संस्था एचएफईए अशा ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेल्या, उपचारांना ते उपयोगी असल्याचा पुरावा किती आहे त्यानुसार रंगाची खूण देते. मी त्या पानाची प्रिंट काढून दुसऱ्या डॉक्टरांसमोर ठेवली. थोडी लाज वाटत होती. डॉक्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. यातलं तुम्हाला काहीच नको, म्हणाल्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पेनाने फाइलवर लिहून दिलं. आकडा सत्तरच्या निम्म्याहून कमी होता. विचित्र वाटेल, पण त्या रात्री मला झोप लागली.

सायकल, म्हणजे उपचाराची पूर्ण फेरी, या दुसऱ्या डॉक्टरांकडेच केली. बीजं काढायच्या दिवशी तीन वेगवेगळ्या माणसांनी मला नाव आणि जन्मतारीख विचारली. तिसऱ्यांदा नवरा वैतागला, मी नाही. ट्रान्सफरच्या वेळी डिशवरचं नाव एकीने वाचलं, दुसरीने ताडून पाहिलं, आणि मलाही स्क्रीनवर दाखवलं. रोजच्या सोनोग्राफीचा कागद न मागता मिळायचा. लॅबच्या तक्त्यावर लिहिलेलं: अकरा बीजं, नऊ पक्व, सहा फलित, पाचव्या दिवशी दोन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे तोवर नीट वाढलेले एम्ब्रियो. अकरावरून दोनवर येणं पचायला जड गेलं, पण गळती कुठे झाली ते डोळ्यांसमोर होतं.

पहिलं ट्रान्सफर फसलं. डॉक्टरांनी स्वतः फोन केला, दोन पाळ्या जाऊ द्या म्हणाल्या, नवीन काही विकलं नाही. दुसरा एम्ब्रियो गोठवून ठेवलाय. या वेळी उरलेल्यांचा रकाना आम्ही दोघांनी बसून आपल्या हाताने भरला. साठवणीची मुदत लिहिलेला कागद फाइलमध्ये सगळ्यात वर आहे.