कोल्हापूरच्या लॅबमध्ये एनएफएसला कर्बरॉस: दोन दिवस आणि घड्याळाचा एक सेल

स्वारगेटहून रात्रीची एसटी धरली, पहाटे कोल्हापुरात उतरलो. एका कॉलेजच्या लॅबमधला फाइल सर्व्हर आणि बावीस क्लायंट एनएफएस (नेटवर्कवरून फायली वापरायची पद्धत) ३ वरून ४.२ वर न्यायचे होते, कर्बरॉससकट, म्हणजे तिकिटं देऊन ओळख पटवणाऱ्या यंत्रणेसकट. एका दिवसाचं काम म्हणून कपडेही जादा घेतले नव्हते.

लॅबच्या मॅडमनी चहा पुढे करतानाच विचारलं, "सर, चार टाकलं की कर्बरॉस आपोआप येतं ना?" नाही येत. चौथ्या आवृत्तीत कर्बरॉसची सोय असणं सक्तीचं आहे, वापरणं नाही. सेक=सिस ही साधी सुरक्षा-सेटिंग ठेवलीत तर क्लायंट सांगेल तो यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) सर्व्हर मुकाट मान्य करतो. उलट कर्बरॉस तिसऱ्या आवृत्तीवरही चालतं. १९९९ च्या आरएफसी २६२३ मध्ये ते दिलंय. पण तिथे माउंटची, म्हणजे सर्व्हरवरचा फोल्डर जोडून घ्यायची, विनंती उघडीच जाते आणि फायरवॉलमध्ये पोर्ट १११ सकट पोर्टांचा अख्खा गोतावळा मोकळा सोडावा लागतो. चारला एकटा पोर्ट २०४९ पुरतो. म्हणून तीनवर कर्बरॉस बसवत बसू नका.

कीटॅब (कर्बरॉसच्या गुप्त किल्ल्यांच्या फायली) मशीनना वाटून झाले आणि एक मशीन अडलं: 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट', म्हणजे घड्याळांत फार फरक. पाच मिनिटांहून जास्त फरक कर्बरॉसला खपत नाही. इथे तारीखच २००९ ची! बोर्डावरचा चकतीसारखा सेल मेलेला. लॅबला इंटरनेट नाही, त्यामुळे वेळ दुरुस्त करणारंही कोणी नाही. शिपाईदादा कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून सेल घेऊन आले. मग सर्व्हरवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवून सगळ्यांना त्याच्याच वेळेवर बांधलं. हे पहिल्यांदा करा, कीटॅब नंतर.

दुसरं दुखणं लॅबच्या एका उपकरणाला जोडलेल्या, सेंटओएस ५ या जुन्या लिनक्सवरच्या मशीनचं. त्याचं कर्नल २.६.१८, एनएफएसच्या कर्बरॉसला फक्त डीईएस ही जुनी कूटपद्धत जाणणारं. तिच्या जागी आलेलं एईएस यासाठी मूळ कर्नलमध्ये आलं २.६.३५ ला. आणि एमआयटी कर्बरॉस या सॉफ्टवेअरने आवृत्ती १.१८ पासून डीईएस काढूनच टाकलंय. उपकरणाचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. शेवटी त्या एका आयपीला वेगळा, फक्त वाचायचा एक्स्पोर्ट (सर्व्हरने वाटलेला फोल्डर) सेक=सिसवर दिला. मनाला पटलं नाही, पण सगळ्यांसाठी दार किलकिलं ठेवण्यापेक्षा बरं.

होम डिरेक्टरींना केआरबी५पी लावलं, म्हणजे मजकूरही कूटबद्ध. सिम्युलेशनच्या अवजड फायलींना केआरबी५आय. तिथे छेडछाड कळली तरी पुरे, सीपीयू कशाला जाळायचा? लावून झाल्यावर मुद्दाम सेक=सिसने माउंट करून पाहा. झालं, तर एक्स्पोर्टमध्ये कुठेतरी 'सिस' शिल्लक आहे.

मुक्काम पडलाच, आणि ते बरंच झालं. सकाळी पाहतो तर रात्रीचा बॅकअप 'परमिशन डिनाइड'. क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, स्क्रिप्टला कर्बरॉसचं तिकीट कोण देणार? तिच्यासाठी वेगळा प्रिन्सिपल (कर्बरॉसमधलं खातं) आणि कीटॅब केला, सुरुवातीला तिकीट घेणाऱ्या केइनिट या कमांडची ओळ घातली आणि मॅडमसमोर एकदा चालवून दाखवली. परतीची दुपारची गाडी मिळाली, त्याच कपड्यांत.